चिमटा माळ्यावर, सायकल घाटात

गेल्या दिवाळीत मी सायकलला नवा चिमटा मागवला. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. हवेच्या स्प्रिंगचा, काळाकुळकुळीत, उचलला तर हातात हलका लागणारा. सायकल जुनीच: २६ इंची चाकं, पोलादी फ्रेम, २१ गिअर. खोका काखेत मारून मामूंच्या दुकानात गेलो. (आमच्याकडे, छत्रपती संभाजीनगरात, मिस्त्री नात्यातला असो नसो, त्याला मामूच म्हणतात.) मामूंनी चिमट्याची दांडी खालून फ्रेमच्या पुढच्या नळीत सरकवली. वरचा भाग सुळकन गेला आणि बुडाशी येऊन अडकला. माझ्या जुन्या फ्रेमला वरपासून खालपर्यंत सरळ, सव्वा इंचाहूनही थोडी बारीक, २८.६ मिलिमीटरची दांडी लागते. नव्या चिमट्याची दांडी खाली रुंद होत दीड इंचाची झालेली. शिवाय त्याला चाकाचा १५ मिलिमीटरचा जाड आस हवा, माझा ९ चा. म्हणजे चिमट्यासाठी चाक बदला, आणि दांडीसाठी सायकलच बदला.

मामूंनी चिमटा परत खोक्यात ठेवला, चाकाकडे बोट केलं आणि म्हणाले, "पैले नीचे का देखो मियाँ, ऊपर का बाद में."

पुढचे काही महिने मी याच क्रमाने गेलो, आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे असं लक्षात आलं. पायातून निघालेली ताकद वाटेत कुठेकुठे सांडते, हे आधी पाहायचं. जिथे जास्त सांडते तो भाग आधी बदलायचा.

माझी नेहमीची वाट शहरातून दौलताबादचा घाट, मग खुलताबाद, पुढे कधी म्हैसमाळ तर कधी सुलीभंजनची कच्ची चढण. डांबर संपलं की मुरूम आणि खडी. खाली शेतात उतरलं की पाणंद, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि काळी माती. टायरवर कंपनीने ४० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं आणि आपण इमानेइतबारे ६० भरतो. हवा घट्ट तर सायकल पळते, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

गुळगुळीत डांबरावर ते बरंचसं खरं आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी परत देत नाही, मधला फरक उष्णता होऊन जातो. हवा जास्त असली की टायर कमी दबतो आणि हा तोटा घटतो. पण खडीवर वेगळंच नुकसान सुरू होतं. घट्ट टायर दगडाला सामावून घेत नाही, दगडावर चढतो. प्रत्येक खड्याला ८५ किलोचं अख्खं ओझं, म्हणजे मी अधिक सायकल, कणभर वर उचललं जातं आणि आदळतं. त्या आदळण्यात गेलेली ताकद पुढे न्यायच्या कामाची राहत नाही. ती मनगटात, पाठीत आणि पोटातल्या पोह्यांत जिरते. म्हणून खडबडीत वाटेवर हवा कमी केली की सायकल हळू न होता उलट हलकी चालते. एका मर्यादेपर्यंतच, अर्थात.

पकडीचा हिशेब तर तोंडी करता येतो. मागच्या चाकावर साधारण ५० किलो भार येतो. ६० पीएसआयला टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे १२ चौरस सेंटिमीटर भरतो, एखाद्या टपाल तिकिटाएवढा. ३० ला तो दुप्पट होतो. सुट्या मुरमावर चाक जागीच फिरतं की चढतं, ते या दोन तिकिटांवर ठरतं.

मग सरळ ३० भरून का चालत नाही? ट्यूब असते म्हणून. हवा कमी आणि दगड टोकदार असला की ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. मी ट्यूब ठेवून ४० वर थांबलो आणि जुन्या टायरांच्या जागी जरा रुंद, दूरदूर उंचवट्यांचे टायर घातले. सगळ्या सुधारणांत सर्वात जास्त फरक यानेच पडला, आणि खर्च त्या चिमट्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

ट्यूबलेसचा, म्हणजे आत ट्यूबच नसलेल्या टायरचा, मोह मलाही झाला होता, कारण आमच्या भागात काटा हा स्वतंत्र विषय आहे. बाभळीचा काटा बोटभर लांब. सराटा इवलासा, पण कसाही पडला तरी एक टोक वरच. ट्यूबलेस टायरच्या पोटात लॅटेक्सचं पातळ द्रावण असतं. काटा निघाला की हवेबरोबर ते भोकाकडे धावतं, तिथे त्यातले रबराचे कण आणि तंतू अडकून गुठळी होते, जखमेवर रक्त गोठतं तशी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र हे द्रावण आतल्या आत सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ओतावं लागतं. आणि जुन्या रिमला टायरची कड घट्ट धरणारी आतली खाचच नसते. टेप लावून जमवणारे जमवतात, मला उतारावर तो जुगार नको होता.

जाता जाता उन्हाचं. "उन्हात लावू नको, ट्यूब फुटेल," हे प्रत्येक घरात ऐकलेलं. ३० अंशांना ६० पीएसआय भरलेला टायर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तरी दाब ६७ च्या आसपास जातो, फार नाही. फुटते ती बहुधा जुनं ठिगळ असलेली ट्यूब. सोल्युशन उष्णतेने मऊ पडतं आणि ठिगळ सरकतं. सावलीत लावावीच, पण बदनामी एकट्या उन्हाची नको.

आता घाट. बऱ्या तब्येतीचा, पण रोज शर्यतीत न उतरणारा माणूस बराच वेळ १५० वॉट देऊ शकतो असं धरू. आठ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर जाताना ८ मीटर वर, ८५ किलोचं ओझं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ओढायला सुमारे ६७ न्यूटन बल लागतं, टायरच्या घर्षणाला आणखी १२-१३. हिशेबाने वेग येतो ताशी ६.८ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ११४ मीटर. हा वेग गिअर बदलून वाढत नाही. गिअर एवढंच ठरवतो की तेवढ्यासाठी पायडल किती वेळा आणि किती जोरात मारायचं.

माझ्या सायकलला पुढे सर्वात लहान चक्री २८ दात्यांची आणि मागे सर्वात मोठी २८ चीच. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, २.०७ मीटर. मिनिटाला ११४ मीटर जायचं तर ५५ फेरे, आणि पायडलवर सरासरी साडेपंधरा किलोचा रेटा. प्रत्यक्षात पाय खाली जाताना तो याच्या दुप्पट होतो, गुडघ्याला विचारा. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्र्यांचा अख्खा जुडगा, काढून १४ ते ३४ दात्यांचं बसवलं, तेव्हा तोच चढ ६७ फेऱ्यांत आणि तेरा किलोच्या रेट्यात होऊ लागला. ताकद तेवढीच लागते, पण स्नायूला एकदम जड उचलण्यापेक्षा हलकं हलकं अनेकदा उचलणं सोसतं. भरलेला हंडा आणि तांब्या यांतला हा फरक.

इथे एक खाच आहे, ती दुकानात जायच्या आधी पाहून घ्या. जुन्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) अख्खं फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसतं. नव्या सायकलींत खटखट करणारा भाग हबमध्येच असतो आणि वर फक्त चक्र्यांचा संच, म्हणजे कॅसेट, सरकवतात. एकाचं दुसऱ्यावर बसत नाही. आठ, नऊ, अकरा गिअरची कॅसेट घ्यायची तर हब, म्हणजे बहुतेकदा मागचं चाकच, आणि त्यामागोमाग चेन, डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा), शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) असं सगळं बदलावं लागतं. पुढे एकच चक्री आणि मागे ताटाएवढी कॅसेट ही आजची पद्धत २०१२ मध्ये स्रॅम कंपनीच्या अकरा गिअरच्या संचापासून रुळली. त्यात पुढच्या चक्रीचा एक दाता जाड, एक बारीक असतो, म्हणून चेन उड्या खाऊनही सुटत नाही. छान आहे. पण सात गिअरचं मोठं फ्रीव्हील जुन्याच हबवर बसतं, आणि डिरेलरला ३४ दाते पेलत असतील तर काम तिथेच संपतं. चेन तेवढी लांबीला पुरते का ते पाहावं लागतं.

चेनचा विषय निघालाच आहे तर: दोन खिळ्यांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे २४ कड्या बरोबर एक फूट. घरातली पोलादी फूटपट्टी लावा. शेवटचा खिळा १२ इंचांच्या खुणेपुढे एक सोळांश इंच गेला असेल तर चेन बदला, नाहीतर ती चक्र्यांचे दाते खाऊन जाईल. चेन ताणली जाते म्हणतात ते खरं नाही, तिच्या खिळ्यांभोवतीचा धातू झिजतो. तेलात मुरमाची धूळ मिसळली की ती पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून आपल्याकडे तेल थेंबाथेंबाने घालून वरचं पुसून टाकायचं. चेन चकचकीत ओली दिसली की मामू हात लावत नाहीत, आधी रॉकेलमध्ये बुडवतात.

चढलेलं उतरावं लागतं. म्हैसमाळकडून खाली येताना समजा २०० मीटर उतरलो. ८५ किलोच्या ओझ्याने तेवढ्या उंचीत साठवलेली ऊर्जा होते १ लाख ६६ हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाण्याला उकळी येते, चार-पाच कप चहाचं आधण! काही भाग वारा काढून घेतो, बाकीची ब्रेकने गिळायची. दोन्ही चाकांच्या डिस्क ब्रेकच्या चकत्या मिळून पाव किलो पोलाद. सगळी उष्णता त्यांत कोंडून राहिली असती तर त्या तेराशे अंशांवर गेल्या असत्या. वाटेत हवा त्यांना गार करत राहते म्हणून बचावतात. सतत ब्रेक घासत उतरण्याऐवजी वळणाआधी जोरात दाबून मग सोडणारे लोक शहाणे असतात, कारण सुटलेल्या वेळात वेग वाढतो आणि तेवढी जास्त ऊर्जा वारा घेऊन जातो.

माउंटन बाइकचा जन्मच या उष्णतेशी झटापट करताना झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली पिटाळत. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये होता, उलटं पायडल मारलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस धूर होऊन उडायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नाव पडलं 'रिपॅक', पुन्हा भरणं. मग त्यांनी मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर लावले, गिअर बसवले. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी पहिली फ्रेम घडवली. भंगारातले सुटे भाग जोडून बघणं आधी झालं, 'माउंटन बाइक' नावाचं दुकानी उत्पादन नंतर.

माझ्या सायकलला तारेवरचे डिस्क ब्रेक आहेत. यात एकच पॅड सरकतं आणि चकतीला दुसऱ्या पॅडवर रेटतं. झिजेल तसा स्क्रू फिरवून ते अंतर हातानेच साधायचं. हायड्रॉलिकमध्ये द्रवाचा दाब दोन्ही पॅड सारखे ढकलतो आणि झीज आपोआप भरून काढतो, एका बोटाने ब्रेक लागतो. फक्त द्रव अदलाबदल करायचा नाही: शिमानो कंपनीच्या ब्रेकात खनिज तेल असतं, काही ब्रेकांत डॉट नावाचा वेगळा द्रव, आणि चुकीचा ओतला की आतली रबरी सील खराब होतात. मी तूर्त तारा, त्यांच्यावरची नळी आणि पुढची चकती एवढंच बदललं. १६० ऐवजी १८० मिलिमीटरची चकती म्हणजे तरफ साडेबारा टक्के लांब. पुढचीच का, तर ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो आणि खरं थांबवण्याचं काम तेच करतं. ती बसवायला एक छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि जुन्या चिमट्याला १८० ची चकती सोसते का हे आधी विचारून घ्यावं.

पावसाळ्यात काळ्या रानात कोणताही सुटा भाग उपयोगाचा नाही. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरून ते फुगतं आणि जे शिवेल त्याला धरतं. दहा फेऱ्यांत टायर आणि चिमट्यामधली फट बुजते, चाक फिरायचं थांबतं, मग सायकल खांद्यावर. मडगार्ड असेल तर हे पाच फेऱ्यांत होतं. पहिल्या पावसानंतर मी मुरमाच्या टेकड्या सोडत नाही.

वजनावर लोक वेड्यासारखे खर्च करतात, म्हणून एकच आकडा. ८५ मधला एक किलो कमी केला तर आठ टक्क्यांच्या तीन किलोमीटर चढावर, साडेसव्वीस मिनिटांत, वीस सेकंदही वाचत नाहीत. एक बाटली पाणी कमी नेलं तरी तेवढेच वाचतील, पण एप्रिलमध्ये खुलताबादच्या चढावर पाणी कमी नेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि तो चिमटा. स्वस्त सायकलींच्या चिमट्यात नुसती स्प्रिंग असते, वजन अडीच किलोच्या आसपास. चाकोरीत चाक आदळलं की स्प्रिंग दबते आणि घेतलेला धक्का तसाच परत फेकते. हँडल उड्या मारतं. चांगल्या चिमट्यात स्प्रिंगसोबत डँपर असतो. त्यात तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि धक्क्याची ऊर्जा तिथे उष्णता होऊन मरते. खरे पैसे या छिद्रांचे असतात. शिवाय जुन्या फ्रेमला फार लांब चिमटा घातला तर पुढचा भाग उचलला जातो. दर २० मिलिमीटरला हँडलच्या नळीचा कोन साधारण एक अंशाने मागे झुकतो, सायकल वळायला आळशी होते आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. माझ्या फ्रेमला सरळ दांडीचा, शंभर मिलिमीटर दबणारा, ९ च्या आसाचा चिमटा हवा होता. खोक्यावर हे सगळं छापलेलं होतं. मी रंग पाहिला होता.

खोका अजून माळ्यावर आहे. दर शुक्रवारी नमाजनंतर मामू दुकान उघडतात तेव्हा विचारतात, बिका क्या? अजून नाही.