अ‍ॅस्ट्रिया : पोस्टमास्तरला सापडलेला लघुग्रह

लघुग्रह म्हटलं की सगळे सेरेस आणि व्हेस्टाबद्दल बोलतात, पण मला सगळ्यात जास्त जीव लावते ती 5 नंबरची अ‍ॅस्ट्रिया. 1801 ते 1807 मध्ये सेरेस, पॅलस, जुनो, व्हेस्टा असे चार लघुग्रह सापडले आणि मग तब्बल 38 वर्षं एकही नाही, बहुतेकांनी नादच सोडला.

प्रशियातल्या ड्रीसेन गावच्या (आता हे पोलंडमध्ये आहे) कार्ल लुडविग हेंकेने मात्र नाही सोडला. हा माणूस पोस्टमास्तर, खगोलशास्त्र हा त्याचा छंद, आणि 1830 पासून तो शोधत होता. आता गंमत बघा, दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो, नुसता ठिपका, त्यामुळे कोणता ठिपका कोण हे ओळखायचं तर आधी आकाशाच्या त्या तुकड्यातले सगळे बारीक तारे कागदावर पाहिजेत, आणि हेंके ते नकाशे स्वतः काढायचा. मग नकाशात नसलेला ठिपका दिसला की पुढच्या रात्री परत बघायचं, सरकलाय का? सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत असताना मंगळ आणि गुरूमधल्या पट्ट्यातला लघुग्रह रोज साधारण चंद्रबिंबाच्या निम्म्याएवढा सरकतो, म्हणजे नकाशा नीट असेल तर चोरी लगेच पकडली जाते. 8 डिसेंबर 1845 ला आधीच माहीत असलेली व्हेस्टा आकाशात शोधता शोधता त्याला असा एक उपरा ठिपका दिसला. 15 वर्षांनी! माझ्या मते त्याची खरी कमाई दुर्बिणीपेक्षा ते नकाशेच.

अ‍ॅस्ट्रिया साधारण 110 किमीची, खडकाळ, स्वतःभोवती फिरायला जवळपास 17 तास घेते. सूर्यापासून सरासरी अंतर पृथ्वीच्या 2.57 पट, पण कक्षा लांबट असल्याने ते 2.1 ते 3.1 पट असं बदलतं, आणि एका फेरीला 4.1 वर्षं लागतात. दर 16 महिन्यांनी प्रतियुती येते, पण प्रत्येक वेळी ती सारखी तेजस्वी नसते, कधी जवळ असते कधी लांब, आणि नुसत्या डोळ्यांनी तर दिसतच नाही.

तिच्या सरासरी अंतराच्या थोडं आत, 2.5 पट सरासरी अंतरावर, पट्ट्यात एक रिकामी फट आहे, म्हणजे तेवढं सरासरी अंतर असलेले दगड जवळपास नाहीतच. तिथे असलेल्या दगडाच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा गुरूची बरोबर एक होते, मग गुरूची ओढ परत परत त्याच ठिकाणी बसते आणि कक्षा इतकी ताणली जाते की दगड तिथून बाहेरच फेकला जातो. अ‍ॅस्ट्रिया सरासरी अंतराने या फटीच्या अगदी काठाबाहेर आहे, म्हणून टिकून आहे.

1847 मध्ये हेंकेलाच सहावा लघुग्रह हीबी सापडला, आणि त्याच वर्षी लंडनहून जॉन हाइंडने आयरिस आणि फ्लोरा शोधले.