दोनच हात सरकवायचंय
नागपुरात मनीषनगरातल्या आमच्या इमारतीला मे महिन्यात रंग लागत होता. बांबूची परांची बांधण्यात वेळ जातो, म्हणून ठेकेदाराने चाकांचा लोखंडी मनोरा आणला. वर दोघं भिंतीला पुट्टी घासत होते. एक पट्टा झाला की खालचा पोरगा चाकांचे ब्रेक सोडायचा आणि वरच्या दोघांसकट मनोरा ढकलायचा. उतरत का नाही, असं विचारलं तर वरून उत्तर आलं, "दोनच हात सरकवाचं आहे भाऊ, इतक्यासाठी कोन उतरते?"

त्या दोन हातांचा हिशेब मी घरी कागदावर मांडला. पाया चौरस, १.३ मीटर बाजूचा. उभं राहायची फळी ६ मीटरवर. सांगाडा १५० किलोचा आणि दोन माणसं मिळून १५० किलोंची, असं धरलं. रिकाम्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य ३ मीटरवर असतो. उभ्या माणसांचा फळीच्या मीटरभर वर, म्हणजे ७ मीटरवर धरला, तर ती चढली की सगळ्यांचा मिळून ५ मीटरवर जातो. पाया मात्र आहे तेवढाच राहतो. गुरुत्वमध्य पायाच्या कडेपलीकडे गेला की मनोरा पडणार, आणि मधून कडेपर्यंतचं अंतर जेमतेम ६५ सेंटिमीटर.

आता ढकलताना पुढचं चाक गिट्टीच्या खड्याला अडलं असं समजा. चाक थांबतं, वरचा भाग पुढे जातच राहतो, बसने करकचून ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी पुढे जातात तसा. अडलेल्या चाकावर मनोरा कलंडायला गुरुत्वमध्य किती वर उचलावा लागतो? अवघा ४ सेंटिमीटर! त्याला लागणारा वेग निघाला ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. रमतगमत चालणाऱ्या माणसाचा. म्हणून मनोरा हलवायचा तो वर कोणी नसताना, अवजारं खाली उतरवून, आणि धक्का द्यायचा तो तळाशी.

जागेवर उभ्या मनोऱ्यालाही धोका आहेच. वर उभं राहून भिंतीत ड्रिल दाबलं की भिंतही तेवढ्याच जोराने आपल्याला मागे रेटते. आमचा मनोरा कलंडायला फळीच्या मीटरभर वर, म्हणजे ७ मीटरवर, साधारण २८ किलो वजनाइतका आडवा रेटा पुरतो. सिमेंटच्या गोणीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. बाहेरच्या कामात उंची पायाच्या लहान बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नसावी, हा जो ढोबळ नियम आहे, तो यातूनच येतो. (मनोऱ्यासोबत बनवणाऱ्याचा तक्ता मिळतो, तो खरा प्रमाण मानायचा.) तिपटीने आमचा मनोरा ४ मीटरलाच संपायला हवा होता. उंची हवीच असेल तर चारी कोपऱ्यांना तिरके टेकू, म्हणजे आऊटरिगर, लावून पाया रुंद करतात. पाया दुप्पट झाला की लागणारा रेटाही दुप्पट.

नागपूरची काळी माती हे वेगळंच प्रकरण. पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. एका बाजूची चाकं तिच्यात २ सेंटिमीटर रुतली तर ७ मीटरवर मनोरा जवळजवळ ११ सेंटिमीटर कलतो. चाकांखाली जाड फळ्या टाकून लेव्हल पाहणं एवढ्यासाठीच.

आणि हिरवी जाळी. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सावलीसाठी ती मनोऱ्याला बांधतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण तिचं शीड होतं. वाऱ्याचा वेग ताशी २० वरून ४० किलोमीटर झाला की दाब चौपट होतो, आणि आपल्याकडे दुपारी चारला वळवाचं वादळ काही सांगून येत नाही. आभाळ भरलं की जाळी काढून खाली यायचं.

चढायचं ते सांगाड्याच्या आतून. बाहेरून लटकत चढलं की माणसाचं वजन थेट कडेवर येतं. वर कठडा हवाच. ६ मीटरवरून पडणारा माणूस एका सेकंदात, ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. जवळून विजेच्या तारा गेल्या असतील तर हे सगळं गणित बाजूला ठेवा, आधी वीजपुरवठा बंद करून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला टेकूंचं विचारलं. ते टेम्पोतच पडून होते. लावायला भिंतीलगत जागा नव्हती, तिथे आम्हा रहिवाशांच्या गाड्या लागल्या होत्या. त्यात कोपऱ्यातली स्कूटर माझी.