कमी ऐकू येतं आणि नोकरी बघताय? आधी ऑडिओग्राम, मग कार्ड, मग जाहिरात

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला विचारतंच, की दादा मला कमी ऐकू येतं, मी कुठलं करिअर घेऊ. मी स्वतः दोन्ही कानांना मशीन लावतो म्हणून विचारतात. माझं उत्तर दरवेळी एकच असतं, आधी ऑडिओग्राम दाखव, म्हणजे कानाच्या टेस्टचा कागद. लोकांना राग येतो त्याचा, त्यांना वाटतं मी विषय टाळतोय. पण तुमच्यासाठी कुठली दारं उघडी आहेत हे त्या एका कागदावरच्या आकड्यांवर ठरतं, आणि आपली मुलं उलटं करतात, दोन वर्षं अभ्यास करून परीक्षा काढतात आणि डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला जाऊन अडकतात. म्हणून क्रमाने सांगतो.

कायदा आहे २०१६ चा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्यात दोन शब्द आहेत. दोन्ही कानांना बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत ७० डेसिबल किंवा जास्त लॉस असेल तर तुम्ही कर्णबधिर, आणि ६० ते ७० च्या मध्ये असाल तर ऐकू कमी येणारे. "दोन्ही कानांना" हे नीट वाचा. आणि नोकरीतलं आरक्षण मिळायला सर्टिफिकेटवर किमान ४० टक्के लागतात.

आता डेसिबल वेगळं आणि टक्के वेगळे, इथे सगळे गोंधळतात. डॉक्टर प्रत्येक कानाचं ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवरचं सरासरी काढतात, त्यावरून त्या कानाचे टक्के तक्त्यात बघतात, आणि मग दोन्ही कानांचं मिळून काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देतात. म्हणजे चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, अधिक खराब कानाचे टक्के, भागिले सहा. समजा चांगला कान ४५ टक्के आणि खराब ७५ टक्के गेलाय, तर २२५ अधिक ७५ म्हणजे ३००, भागिले ६, झाले ५० टक्के. मिळालं. पण एक कान अख्खा गेला, शंभर टक्के, आणि दुसरा एकदम ठणठणीत, तर १०० भागिले ६, म्हणजे सतराच्या आसपास. सतरा टक्क्यांवर आरक्षण नाही. एका कानाने बहिरी असलेली कितीतरी पोरं हॉस्पिटलमध्ये खेटे घालतात आणि शेवटी डॉक्टरवर चिडतात, पण हिशोबच असा आहे त्याला डॉक्टर काय करणार. तुमचं तसं असेल तर ओपनमधून किंवा आपल्या जातीच्या कोट्यातून फॉर्म भरा, दिव्यांग कोट्याच्या भरवशावर वय घालवू नका.

यूडीआयडी कार्ड

हल्ली सगळं यूडीआयडीवर चालतं, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रावर. आपल्याकडे महाराष्ट्रात आधी एसएडीएम या राज्याच्या सिस्टीमचं ऑनलाइन दिव्यांग सर्टिफिकेट मिळायचं, घरात तेच पडलेलं असेल तर त्याच्यावर विसंबू नका, यूडीआयडीला अर्ज करा. स्वावलंबन पोर्टल आहे केंद्र सरकारचं, तिथे मोबाईल नंबर टाकून ओटीपी घेऊन फॉर्म भरायचा. लागतं काय, तर आधार, पासपोर्ट साइज फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, आणि जुनं सर्टिफिकेट असेल तर त्याचं स्कॅन. फॉर्मला फी नाही. सायबरवाला किंवा सेवा केंद्रवाला घेतो ती त्याची मजुरी. एक गोष्ट मात्र आधी बघा, आधारवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव एकच आहे का. नसेल तर आधी ते सरळ करून घ्या, नंतर कार्डावरचं नाव बदलत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

फॉर्ममध्येच हॉस्पिटल निवडायचं असतं, जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा शहरातलं ठरवून दिलेलं सरकारी हॉस्पिटल. मग एनरोलमेंट नंबर येतो, त्याची प्रिंट आणि सगळ्या ओरिजिनल घेऊन मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे तपासणीच्या दिवशी जायचं. बहुतेक ठिकाणी दिव्यांग तपासणीला आठवड्यातला वार ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्या, फोनवर नाही जमलं तर कुणालातरी विचारायला लावा.

आता माझी गंमत ऐका. मी गेलो होतो तेव्हा ईएनटीच्या बाहेर बाकावर आम्ही वीसेक जण, सगळे कमी ऐकणारे, आणि आतून सिस्टर नावं पुकारतायत. तोंडाने. मधे दार बंद. माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे आणि गैरहजर म्हणून केस पेपर तळाला गेला, साडेदहाला गेलेला माणूस तीनला आत गेलो. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, बरोबर ऐकू येणारं माणूस न्या, आणि कुणी नसेलच तर आत जाऊन चिठ्ठी दाखवून सांगा की मला ऐकू येत नाही, हात करा. लाजायचं काही नाही, त्याच कामासाठी तर आलोय.

टेस्ट मशीन काढूनच होते. आदल्या दिवशी डीजे, फटाके, कारखान्याचा आवाज टाळा. कानात मळ असेल तर आधी साफ करून घ्या, नाहीतर टेस्ट परत. आणि नाटक करू नका, मुद्दाम उशिरा बटण दाबलं की आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, मग ते बेरा टेस्टला पाठवतात आणि त्यात तुम्ही काही दाबत नाही, थेट मेंदूपर्यंत सिग्नल जातो की नाही तेच दिसतं. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर डॉक्टर आधी उपचार करा म्हणतील, कारण कायमचं सर्टिफिकेट कायमच्या लॉसवर मिळतं.

सर्टिफिकेट द्यायला हॉस्पिटलला पूर्वी महिन्याची मुदत होती, २०२४ च्या बदललेल्या नियमांत ती तीन महिने केलीय. त्याच बदलात हेही आलंय की अर्ज करून दोन वर्षं तुम्ही हॉस्पिटलकडे फिरकलाच नाहीत तर अर्ज बाद. कार्डाचा रंग बघा, ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. टक्के चुकीचे वाटले तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. आणि खोटं सर्टिफिकेट काढून देतो म्हणणारे दलाल भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, हल्ली नोकरीत लागलेल्यांचीसुद्धा फेरतपासणी चालू आहे.

जाहिरातीत काय बघायचं

सरकारी नोकरीत बेंचमार्क दिव्यांगांना, म्हणजे ४० टक्के किंवा वर असलेल्यांना, ४ टक्के आरक्षण, त्यातला १ टक्का आपल्या गटाला, कर्णबधिर आणि कमी ऐकणारे मिळून. हे आरक्षण समांतर असतं, म्हणजे तुम्ही ओबीसी असाल तर ओबीसीतच मोजले जाता, त्यामुळे जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर हे सगळं लागतंच, एक कागद दुसऱ्याची जागा घेत नाही.

पण प्रत्येक पद आपल्याला खुलं नसतं. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये कुठलं पद कुठल्या दिव्यांगाला जमेल याची मोठी यादी काढलीय, तीन हजारांवर पदं आहेत त्यात. जाहिरातीत पदासमोर कोड असतात, डी म्हणजे कर्णबधिर, एचएच म्हणजे कमी ऐकणारा, बँकांच्या आयबीपीएसमध्ये एचआय लिहितात. तुमचा कोड नसेल तर ते पद सोडून द्या, कितीही आवडलं तरी. एका ओळखीच्या मुलाने पदाचा कोड न बघता वर्षभर त्याच पदाची तयारी केली, फॉर्म भरताना कळलं. वर्ष गेलं ना.

वयात सवलत चांगली आहे. केंद्रात ओपनला १० वर्षं, ओबीसीला १३, एससी एसटीला १५. राज्यात दिव्यांगांना ४५ वर्षांपर्यंत. यूपीएससी आणि एसएससीला फी माफ. यूपीएससी सिव्हिल सर्व्हिसेसला ओपन आणि ओबीसीतल्या दिव्यांगांना ९ अटेम्प्ट मिळतात. आयबीपीएसला फी पूर्ण माफ नाही पण कमी असते. आणि महत्त्वाचं, सर्टिफिकेटची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीची पाहिजे, म्हणून मी आधी कार्ड काढा म्हणतो, जाहिरात आल्यावर पळापळ करून तीन महिन्यांचं काम पंधरा दिवसांत होत नाही.

इंटरव्ह्यूला बोलावलं तर आधीच ईमेल टाका की मला प्रश्न लिहून द्या किंवा साइन लँग्वेजचा दुभाषी द्या. याला कायद्यात वाजवी सोय म्हणतात, ती मागणं तुमचा हक्क आहे. ईमेल लेखी राहतो, तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

मग करिअर कुठलं

आता मूळ प्रश्नावर येतो. कामात कान किती लागतो ते बघा, पगाराच्या आधी. फोनवरचं काम, काचेमागचं काउंटर, दहा जणांची मीटिंग, हे तिन्ही आपल्याला दमवतात. समोरासमोर बसून एकाशी बोलायचं असेल तर ओठ बघून निभतं. म्हणून अकाउंट्स, डेटा, कॅड ड्रॉइंग, लॅब, प्रिंटिंग, डिझाइन, कोडिंग, दातांच्या लॅबमधलं काम, शिवणकाम, हे बरं पडतं. ही काही यादी नाहीये हां, मी बघितलेली माणसं आहेत. एखाद्याला लोकांत राहायलाच आवडतं, हॉटेलांत कर्णबधिर मुलं उत्तम काम करतात, लेमन ट्री हॉटेल्समध्ये तर मुद्दाम घेतात. फोन उचलणं टळत नसेल तर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीतही चालतं, स्पीकरवर ठेवून दुसऱ्या मोबाईलवर वाचायचं. चुका करतं, पण चालतं.

प्रेस शॉप, करवत, डायिंग युनिट अशा गोंगाटाच्या जागी मात्र जाऊ नका. लोक म्हणतात याला ऐकू येत नाही याला तिथेच टाका, आणि उरलेलंही जातं. आवाजामुळेच कारखान्यात कान गेला असेल तर तो व्यवसायजन्य आजार धरला जातो, कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, त्याचा वेगळा दावा करता येतो.

गाडी चालवायची असेल तर २०१६ पासून रस्ते वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट केलंय की कमी ऐकू येतं म्हणून लायसन्स नाकारायचं नाही. आरटीओत कुणी अडवलं तर ते पत्र दाखवा.

शिकायचं असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांना ५ टक्के जागा आहेत. ज्यांना साइन लँग्वेज येते त्यांनी दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या साइन लँग्वेजच्या सरकारी संस्थेचा डीटीआयएसएल बघा, साइन लँग्वेज शिकवणारा शिक्षक होण्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा, खास कर्णबधिरांसाठी. ही एकच अशी नोकरी असेल जिथे ऐकू न येणं ही पात्रता आहे! मशीन, तपासणी, सल्ला यासाठी वांद्रे रेक्लेमेशनची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची. नोकरीसाठी नाव नोंदवायचं तर सायनला एटीआय या सरकारी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या आवारात दिव्यांगांचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर आहे, यूडीआयडी, शिक्षणाचे दाखले, फोटो घेऊन जा. ऑनलाइन ट्रेनिंग आणि नोकऱ्यांसाठी पीएम दक्ष पोर्टलवर यूडीआयडी नंबरने नोंदणी होते. धंदाच करायचा तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जाचा अर्ज करता येतो, ४० टक्के सर्टिफिकेट, रहिवासी दाखला, कोटेशन आणि धंद्याचा आराखडा तयार ठेवा.

आणि ज्यांना नोकरीत असतानाच कमी ऐकू यायला लागलं, माझ्यासारखे, त्यांनी घाबरून राजीनामा देऊ नका. सरकारी नोकरीत असाल तर त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २०, पोटकलम ४ म्हणतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर तेवढ्याच पगाराच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, पद नसेल तर पद निघेपर्यंत जादाचं पद तयार करून ठेवायचं. फक्त लेखी अर्ज द्या, यूडीआयडी जोडा, पोचपावतीवर शिक्का घ्या. मी आधी सहा महिने लपवलं, साहेब बोलले की मान डोलवायचो, ऐकलेलं नसायचं, आणि चुकीची कामं करून बोलणी खायचो. अर्ज दिल्यावर सीट बदलून मिळाली, आवक-जावक सोडून हिशोबात बसवलं.

इन्कम टॅक्समध्ये दिव्यांगांना ७५ हजारांची वजावट मिळते (१९६१ च्या कायद्यात ते कलम ८० यू), ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख, पण जुन्या करप्रणालीत, म्हणजे ओल्ड रेजीममध्ये रिटर्न भरलं तरच.

ऑफिसने काहीच केलं नाही तर आधी तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं, सरकारी कार्यालयात असा अधिकारी नेमलेला असायलाच हवा. तिथे दाद नाही लागली तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करायची, पोचपावतीची झेरॉक्स जोडून. सुनावणीचं पत्र आलं की त्याला उत्तर देतानाच लिहून टाका की मला दुभाषी किंवा लेखी सुनावणी हवी आहे, नाहीतर तिथेही नाव तोंडानेच पुकारतील.