पवळ्याला गुण लागला का?

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. लहानपणी आमच्या मित्रांची छाननी करताना आजी ही म्हण हमखास ऐकवायची. गेल्या दिवाळीत ती पुन्हा कानावर आली, आणि तीही बराक ओबामांच्या बाबतीत. न्यू जर्सीहून आलेला माझा मावसभाऊ फराळाच्या ताटावर म्हणाला, "अरे, २० वर्षं हा माणूस ज्या पाद्र्यासमोर बसला, तो पाद्री काय बोलायचा ते ऐकलंस का? पवळ्याला गुण लागल्याशिवाय राहतो का?" मी संख्याशास्त्र शिकवतो. त्याच्या प्रश्नात मला एक फार सुंदर गणित दिसलं. त्या रात्री ते त्याला नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी प्रकरण काय होतं ते थोडक्यात. जेरेमाया राइट हे शिकागोच्या दक्षिण भागातल्या ट्रिनिटी चर्चचे पाद्री. १९७२ मध्ये ते तिथे आले तेव्हा शंभर माणसंही येत नव्हती. २००८ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा सदस्यसंख्या ६,००० च्या वर होती. ओबामा तरुणपणी याच चर्चमध्ये ख्रिस्ती धर्माकडे वळले. १९९२ मध्ये त्यांचं लग्न राइट यांनी लावलं, दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा इथेच झाला. १३ मार्च २००८ ला, ओबामा उमेदवारीच्या शर्यतीत असताना, एबीसी वाहिनीने राइट यांच्या प्रवचनांतले तुकडे दाखवले. एक होता ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या पहिल्याच रविवारचा: अमेरिकेने जगात जे पेरलं तेच आता उगवतंय, अशा अर्थाचा. दुसरा एप्रिल २००३ मधला. 'गॉड ब्लेस अमेरिका' नव्हे, 'गॉड डॅम अमेरिका' म्हणा, असं त्यात ते गरजतात. मग दिवसरात्र तेच तुकडे. १८ मार्चला फिलाडेल्फियात ओबामांनी वंशभेदावर भाषण केलं, एप्रिलच्या अखेरीस राइट यांच्याशी संबंध तोडले आणि ३१ मे रोजी चर्चचं सदस्यत्वच सोडलं.

माझा भाऊ विचारतो, पाद्री असं बोलतो, मग शिष्य तसाच असणार ना? या प्रश्नाला होय किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न दोन भागांचा आहे. ज्याला हे विचार मनापासून पटतात असा माणूस या चर्चमध्ये २० वर्षं टिकण्याची शक्यता किती? आणि ज्याला हे विचार पटत नाहीत असाही माणूस तिथे २० वर्षं टिकण्याची शक्यता किती? पुराव्याचं वजन या दोन शक्यतांच्या भागाकारात असतं. पहिली शक्यता कितीही मोठी असली तरी दुसरीही तेवढीच मोठी असेल तर भागाकार येतो १, आणि त्या पुराव्याने आपल्या मताची सुई तसूभरही हलायला नको.

हा विचार ज्या सूत्रातून आला ते थॉमस बेझ यांचं. बेझ स्वतः पाद्री होते, इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सचे. १७६१ मध्ये ते वारले. त्यांच्या कागदपत्रांतला हा निबंध शोधून, दुरुस्त करून १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आणला तो त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी, आणि तेही पाद्रीच. पुढे नोव्हेंबर १७८९ मध्ये याच प्राइस यांनी लंडनमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचं उघड स्वागत करणारं प्रवचन दिलं. त्यावर इतका गदारोळ झाला की ब्रिटिश संसदेचे सदस्य एडमंड बर्क यांनी त्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे 'पुरावा कसा तोलायचा' हे सूत्र जगापुढे ठेवणारा माणूसच वादग्रस्त प्रवचनाचा धनी होता! त्यांच्या श्रोत्यांत काही वर्षांपूर्वी एक राजकारणी बसत असे: लंडनमधले अमेरिकेचे राजदूत जॉन अ‍ॅडम्स, पुढे देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. ते आणि त्यांची पत्नी अबिगेल प्राइस यांचं प्रवचन ऐकायला हॅकनीला जात. पण क्रांतीबद्दलचा प्राइस यांचा उत्साह अ‍ॅडम्सना शिवला नाही. तीन कोटी नास्तिकांच्या प्रजासत्ताकाचं काय करायचं ते मला कळत नाही, असं त्यांनी १७९० मध्ये खुद्द प्राइस यांनाच पत्रातून कळवलं.

आता थोडे आकडे. हे आकडे मी निव्वळ उदाहरणासाठी धरतोय. समजा, प्रवचनं ऐकण्यापूर्वी आपला अंदाज होता की या उमेदवाराचे विचार राइट यांच्या सर्वांत जहाल वाक्यांसारखे असण्याची बाजू १ आणि नसण्याची २०. समजा, तसे विचार असलेला माणूस चर्चमध्ये टिकण्याची शक्यता ३० टक्के आणि नसलेला टिकण्याची २० टक्के. दुसरा आकडा इतका मोठा का? कारण माणसं चर्चमध्ये टिकतात ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, गाण्यासाठी, मुलांसाठी. ट्रिनिटीत तुरुंगातल्या कैद्यांसाठी काम चाले, एचआयव्हीग्रस्तांसाठी चाले, पाळणाघर होतं. आपल्याकडे सप्ताहाला बसलेला प्रत्येक जण बुवांचं प्रत्येक वाक्य घरी घेऊन जात नाही, तसंच हे. भागाकार आला १.५. जुनं प्रमाण १ ला २० होतं, ते झालं १.५ ला २०. टक्क्यांत सांगायचं तर सुमारे ५ वरून ७. सुई हलली, पण अगदी थोडी.

यापुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, तेव्हा जरा धीर धरून वाचा. दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात जर्मन नौदलाचे सांकेतिक संदेश फोडत होते. तिथे त्यांनी पुराव्याचं वजन मोजायला एककच काढलं: डेसिबॅन. भागाकाराचा लॉग घ्यायचा (म्हणजे १० चा कितवा घात केला की तो आकडा येतो ते पाहायचं) आणि त्याला १० ने गुणायचं. पुराव्याने पारडं १० पट झुकलं तर १० डेसिबॅन, दुप्पट झुकलं तर साधारण ३. माणसाच्या मनाला जेमतेम जाणवेल एवढा पुराव्यातला फरक म्हणजे १ डेसिबॅन, असं त्यांचे सहकारी जॅक गुड सांगत. लॉगची गंमत अशी की गुणाकाराची बेरीज होते. किराणा दुकानदार जसा एकेक वजन पारड्यात टाकत जातो, तसा एकेक पुरावा टाकत जायचा.

ट्युरिंग काय तोलत होते? दोन संदेश एकमेकांखाली मांडायचे आणि कुठे कुठे वरचं अक्षर खालच्या अक्षराशी जुळतं ते पाहायचं. मांडणी चुकीची असेल तर अक्षरं निव्वळ योगायोगाने, २६ पैकी १ वेळा जुळतात. मांडणी बरोबर असेल, म्हणजे दोन्ही संदेश जर्मनांच्या संकेतयंत्राच्या एकाच स्थितीतून निघालेले असतील, तर जर्मन भाषेच्या घडणीमुळे १७ पैकी १ वेळा जुळतात. म्हणून एक अक्षर जुळलं की भागाकार २६/१७, म्हणजे जवळजवळ १.८५ डेसिबॅन बाजूने. आणि अक्षर जुळलं नाही तर? तोही पुरावाच! १६/१७ भागिले २५/२६ करून पाहा. तो १ पेक्षा किंचित कमी येतो, म्हणजे सुमारे ०.०९३ डेसिबॅन विरुद्ध. तो इतका हलका आहे की एकट्याने कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण न जुळणारी अक्षरं खूप असतात. समजा १,००० अक्षरं तपासली आणि मांडणी साफ चुकीची आहे. योगायोगाने साधारण ३८ जुळतील. त्यांचं वजन ७० डेसिबॅन बाजूने. उरलेली ९६२ जुळणार नाहीत. त्यांचं वजन ८९ डेसिबॅन विरुद्ध. हिशेब उणे १९: मांडणी चुकीची, ८० विरुद्ध १. आता कुणीतरी तुम्हाला फक्त जुळलेली ३८ अक्षरं कापून दाखवली तर? तुम्ही ७० डेसिबॅन मोजाल आणि १ कोटी विरुद्ध १ इतक्या खात्रीने चुकीच्या मांडणीवर शिक्का माराल. कापणाऱ्याने एकही अक्षर खोटं दाखवलेलं नसेल.

२० वर्षांचे रविवार मोजले तर तेही १,००० च्या आसपास भरतात. ओबामा प्रत्येक रविवारी हजर नव्हते हे उघडच आहे, आणि प्रवचनं ही सुटी अक्षरं नाहीत. एका माणसाची प्रवचनं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे वरची बेरीज इथे जशीच्या तशी चालणार नाही. मला दाखवायचं आहे ते शांत रविवारांचं वजन. क्षमा, कर्जमुक्ती, दारू सोडणं, आईवडिलांची सेवा यांवरचं प्रत्येक साधं प्रवचन पारड्यात उणे बाजूला एक कण टाकत असतं, आणि तो कण टीव्हीवर कधीच दिसत नाही. एबीसीने चर्चमध्येच विकायला ठेवलेल्या प्रवचनांच्या डझनावारी चित्रफिती तपासून ते तुकडे निवडले होते. ३६ वर्षं बोलणाऱ्या कुठल्याही जोशिल्या वक्त्याच्या संग्रहात शोधणाऱ्याला आग सापडणारच. 'सापडणारच' याचा गणितातला अर्थ: दोन्ही शक्यता १ च्या जवळ, भागाकारही १ च्या जवळ, वजन शून्याच्या जवळ. आणि तोच तुकडा ५०० वेळा दाखवला तर ५०१ वा तुकडा काय भर घालतो? काहीही नाही. दुकानदाराने तेच वजन पुन्हा पुन्हा उचलून ठेवलं म्हणून माल वाढत नाही.

म्हणीतल्या 'बांधला' या शब्दाकडेही बघायला हवं. पवळ्या बांधला गेला होता, त्याला निवड नव्हती. ओबामा स्वतः जाऊन बसले. समाजशास्त्रातला हा जुना पेच आहे: शेजारी असलेले दोघे एकमेकांसारखे का? एकाचा गुण दुसऱ्याला लागला म्हणून, की आधीच सारखे होते म्हणून शेजारी आले, की दोघांना तिसऱ्याच कशाने तिथे आणलं? नुसतं शेजारी पाहून हे तीन प्रकार वेगळे करता येत नाहीत. शिकागोच्या दक्षिण भागात लोकांमध्ये काम करणाऱ्या, राजकारणाकडे पाहणाऱ्या तरुणाला मोठं, प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्च हवं असणं हा तिसरा प्रकार झाला. भाऊ इथे मला अडवतो: म्हणजे त्यांच्या निवडीबद्दल काहीच विचारायचं नाही? विचारायचं, जरूर विचारायचं. १४ मार्चला ओबामा म्हणाले की ती वाक्यं त्यांनी स्वतः चर्चमध्ये बसून ऐकलेली नाहीत. चार दिवसांनी फिलाडेल्फियात कबूल केलं की वादग्रस्त म्हणता येतील अशी विधानं आपण तिथे बसून ऐकली आहेत. या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे, हे मतदाराने तोलण्यासारखं आहे. तो त्यांच्या स्वतःच्या तोंडचा पुरावा आहे.

त्याच वर्षी दुसऱ्या बाजूलाही हेच घडलं. ओबामांचे प्रतिस्पर्धी, रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांना टेक्सासचे पाद्री जॉन हेगी यांनी पाठिंबा दिला, मॅकेन त्यांच्याशेजारी उभे राहिले. मे महिन्यात हेगी यांचं जुनं प्रवचन बाहेर आलं. ज्यूंना इस्राएलच्या भूमीकडे परतवण्यासाठी देवाने हिटलरला पाठवलं, असा त्याचा सूर होता. मॅकेन यांनी पाठिंबा नाकारला. ते हेगी यांच्या चर्चचे सदस्य कधीच नव्हते, त्यामुळे त्यांच्या ज्यूंविषयीच्या मतांबद्दल त्या प्रवचनाचं वजन जवळपास शून्य. मतांसाठी ते कुणाच्या दारात जायला तयार होते, याबद्दल मात्र चांगलं घसघशीत. पुरावा तोच असतो. कुठल्या प्रश्नाला लावता यावर त्याचं वजन बदलतं.

राइट यांच्या एका विधानाबद्दल मला जास्त काळजी वाटते. कृष्णवर्णीयांना संपवायला सरकारनेच एचआयव्ही तयार केला, असं ते म्हणत. हे साफ खोटं आहे. हा विषाणू मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींमधून माणसात आला, आणि जनुकांतल्या बदलांचा वेग मोजून काढलेला त्याचा काळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जातो, म्हणजे जनुकांची कापाकापी करण्याचं तंत्र जगात येण्याच्या कितीतरी आधी. या अफवेचं एक बीज आपल्याच देशात पडलं. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. ते सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेच्या अपप्रचाराचा भाग होतं. ही अफवा कृष्णवर्णीय अमेरिकेत का रुजली, तेही सांगायला हवं. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसतं पाहिलं होतं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. मी अफवेला माफ करत नाही. अशा अफवेपायी माणसं चाचणी टाळतात, औषध टाळतात आणि मरतात. आपल्याकडे लसीबद्दल जे फॉरवर्ड फिरतात त्यांचीही जात हीच.

म्हणून ओबामांबाबत हाच मुद्दा तोलायचा ठरवला तर तोलायला दुसरंही काही होतं. ऑगस्ट २००६ मध्ये, राइट हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचायच्या दीड वर्ष आधी, ओबामा आणि मिशेल केनियातल्या किसुमू गावी गेले आणि गर्दीसमोर दोघांनी एचआयव्हीची चाचणी करून घेतली, लोकांची भीती जावी म्हणून. सरकारने बनवलेल्या विषाणूवर विश्वास असलेला माणूस हे करण्याची शक्यता किती, आणि नसलेला करण्याची किती? भागाकार तुम्हीच करा. ती चाचणी तर उघड, सगळ्यांदेखत झाली होती.