ऑफ-रोड स्पर्धेसाठी जिप्सीची तयारी

मारुती जिप्सीला चिखल, ओढे आणि खड्ड्यांच्या स्पर्धेत उतरवण्याआधी तिच्यावर करायचे यांत्रिक काम. या नोंदीत मुख्यतः गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या पावसाळी स्पर्धेचा विचार केला आहे. मूळ रेनफॉरेस्ट चॅलेंज १९९७ मध्ये मलेशियात सुरू झाली; तिची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात होऊ लागली. खांब आणि टेप लावून आखलेला टप्पा ठरावीक वेळेत पार करायचा, खांबाला धक्का लागला की गुण कापले जातात, वेळ संपली की टप्पा गेला, असे या प्रकारच्या स्पर्धांचे सर्वसाधारण स्वरूप असते. असे टप्पे अनेक दिवस चालतात. त्यामुळे एखादा टप्पा सुसाट मारण्यापेक्षा शेवटच्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असणे जास्त मोलाचे ठरते.

जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली. स्पर्धेसाठी १.३ लिटरची जिप्सी किंग घेतात, त्यातही २००० नंतरचे एमपीएफआय (इंजेक्टरने इंधन फवारणारे) इंजिन (१२९८ सीसी, सुमारे ८० अश्वशक्ती). मूळ गाडीचे वजन जेमतेम एक टन. चॅसिस शिडीसारखी, पुढे-मागे दोन्हीकडे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेले अखंड अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सपासून सुटी असलेली ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी. २०१० च्या महिंद्रा थार सीआरडीईला ताकद कितीतरी जास्त होती, पण तिचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने चाक खाली-वर फारसे जात नाही आणि स्पर्धेसाठी तिथे अखंड अ‍ॅक्सल बसवावा लागतो. जिप्सीला तो खर्च नाही. नवी जिप्सी आता मिळत नाही. जुनी किंवा लष्करी लिलावातली गाडी घ्यायची, तर इंजिनाआधी चॅसिस पाहावी: मागच्या पाट्यांचे हँगर गंजलेले असतात आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ बारीक चिरा असतात. तिथला रंग खरवडून पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

या कामाचे एक सूत्र गॅरेजमध्ये कायम ऐकू येते: एक भाग मजबूत केला की तुटण्याची पाळी पुढच्या भागावर जाते. मोठे टायर घातले की अ‍ॅक्सल शाफ्ट तुटतो, शाफ्ट भारी टाकला की क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा सांधा) जातो, क्रॉस मोठा बसवला की ट्रान्सफर केसचे रबर माउंट फाटतात. म्हणून बदल सुटे सुटे न ठरवता टायरपासून क्लचपर्यंत साखळीने ठरवावे लागतात. शिवाय जो भाग तुटणारच आहे, तो पंधरा मिनिटांत बदलता येईल असा ठेवावा. बलेनोचे १.६ लिटर इंजिन बसवण्याची पद्धत जुनी आहे. चिखलात ती ताकद हवीहवीशी वाटते, पण मूळ अ‍ॅक्सल तसेच ठेवून हे इंजिन टाकणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय.

टायर, गिअर आणि उंची

मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे साधारण ६६८ मिमी व्यासाचा. स्पर्धेसाठी ३१ इंची (७८७ मिमी) मड टेरेन टायर घालतात. व्यास १८ टक्के वाढला की जमिनीवर मिळणारा जोर सुमारे १५ टक्के कमी होतो, आणि मुळात इंजिन छोटे. हा तोटा ट्रान्सफर केसमध्ये भरून काढतात. किंगच्या मूळ लो रेंजचे (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरचे) गुणोत्तर २.२७ च्या आसपास आहे. त्याऐवजी ४ च्या पुढचे गिअर किट बसवले की क्लच न जाळता गाडी रांगत चढते. पण तेवढाच पीळ ट्रान्सफर केसच्या तीन रबर माउंटवरही येतो. तिथे पॉलियुरेथेन बुश आणि वरून एक पट्टीचा आधार दिलाच पाहिजे. माउंट फाटले की केस तिरकी होते, गिअर उडतो आणि छोटा प्रोपेलर शाफ्ट कशाला तरी घासू लागतो.

टायरमधली हवा चिखलात १२ ते १५ पीएसआय ठेवतात. १० च्या खाली गेल्यास बीडलॉक (टायरची कड घट्ट पकडणारी) रिम नसेल, तर तिरक्या उतारावर टायर रिममधून निसटतो. कातळ जास्त असेल, तर हवा थोडी वाढवावी. जांभ्याच्या धारेवर मऊ टायरची बाजू कापली जाते आणि तिथे पॅच टिकत नाही.

उंचीसाठी पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवतात. यामुळे एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, पण पाठोपाठ चार कामे येतात. ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि चाक उसळले की स्टिअरिंग आपोआप फिरते, म्हणून ड्रॅग लिंक वर घ्यावी लागते. ब्रेकचे होज पाइप लांब करावे लागतात. प्रोपेलर शाफ्टची लांबी व कोन पुन्हा जुळवावा लागतो. आणि जोर दिला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात. हे वळणे थांबवण्यासाठी मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसिसपर्यंत एक टॉर्क बार लावतात. तो नसेल तर पहिल्याच चढावर मागचा क्रॉस जाण्याची शक्यता असते. यू-बोल्ट कायम नवे घ्यावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा आवळला तरी धरत नाही.

अ‍ॅक्सल आणि लॉकर

मोकळ्या डिफरन्शियलमध्ये (डिफ, म्हणजे डावे-उजवे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) एक चाक हवेत गेले की दुसरे चाकही निकामी ठरते. त्यामुळे आधी मागे लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारा भाग) बसवावा आणि बजेट उरले तर पुढे. हवेवर चालणारा लॉकर सर्वांत सोयीचा, कारण वळताना तो बंद करता येतो. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर लागतो, आणि त्याची हवेची नळी एक्झॉस्टपासून दूर बांधली नाही तर वितळते. स्वस्तातला उपाय म्हणजे डिफच्या आतले पिनियन वेल्ड करून टाकणे. तो चालतो, पण गाडी वळायला जागा फार घेते, आणि दाटीने लावलेल्या खांबांमध्ये तेच महागात पडते.

पुढचा अ‍ॅक्सल जिप्सीचा नाजूक भाग. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले, चाक दगडात अडकलेले आणि त्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नकलमधला (चाक जिथे वळते त्या भागातला) सीव्ही जॉइंट फुटतो. क्रोमोली शाफ्ट घातले तरी चालकाने ही सवय मोडावी लागते. किंगपिन बेअरिंग (नकल ज्यावर वळते ते) सैल असेल तर पुढची चाके थरथरतात. शिम (पातळ चकत्या) काढून बेअरिंग घट्ट करावे आणि नकलमध्ये नवे ग्रीस भरावे. नकलमधून पातळ ऑइल गळत असेल तर आतले ऑइल सील गेलेले असते: डिफचे ऑइल बाहेर येऊन ग्रीस धुऊन टाकते आणि जॉइंट कोरडा चालतो.

डिफमध्ये जीएल-५ प्रतीचे हायपॉइड ऑइल वापरावे. पुढे साधारण दोन लिटर, मागे दीड. गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-४ ठेवावे, कारण जीएल-५ मधली काही रसायने पितळी सिंक्रो रिंगा खातात.

पाणी

पावसाळी स्पर्धेत गाड्या मोडण्यापेक्षा पाण्याने जास्त बंद पडतात. गरम झालेला डिफ थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागले तर ते घडून गेले असे समजावे. उपाय साधा आहे: दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारी छिद्रे) ८ मिमी पीयू नळीने स्नॉर्कलच्या (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणाऱ्या नळीच्या) उंचीपर्यंत न्यायचे. वाटेत नळी कुठे दुमडलेली किंवा चिमटलेली नसावी.

स्नॉर्कल बसवल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. इंजिन मंद चालू ठेवून स्नॉर्कलचे तोंड हाताने पूर्ण बंद करावे. काही क्षणांत इंजिन बंद पडले पाहिजे. पडले नाही, तर खाली कुठेतरी हवा शिरते आहे, आणि जिथून हवा शिरते तिथून पाणीही शिरणार. एअर फिल्टरच्या डब्याचा तळातला निचऱ्याचा छेद बुजवायचा राहून जातो. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

पट्ट्यावर चालणाऱ्या रेडिएटर पंख्याची पाती खोल पाण्यात पुढे वाकतात आणि रेडिएटर कापतात. त्यामुळे विजेचा पंखा आणि डॅशबोर्डवर त्याचा स्वतंत्र स्विच बसवतात. पाण्यात उतरण्याआधी तो बंद करायचा. ईसीएम (इंजिनाचा संगणक) सीटच्या उंचीच्या वर न्यावा, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावे. ऑल्टरनेटर कसाही झाकला तरी लाल चिखल त्याचे ब्रश आणि बेअरिंग खातोच. एक जादा सोबत ठेवणे हाच खरा उपाय.

पाण्यात इंजिन बंद पडले तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढावी, चारही प्लग काढावे, मग स्टार्टर फिरवून पाणी बाहेर उडवावे.

विंच

विंचची (रुतलेली गाडी दोराने ओढणाऱ्या विजेच्या यंत्राची) क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट हवी, असा नियम सांगतात. सज्ज जिप्सी माणसांसह १,४०० किलोच्या घरात जाते, तरीही ९,५०० पौंडांचा (सुमारे ४,३०० किलो) विंच घेतात. चॅसिसपर्यंत चिखलात रुतलेली गाडी नुसत्या वजनापेक्षा कितीतरी जास्त विरोध करते, आणि विंचचा पूर्ण जोर फक्त ड्रमवरच्या पहिल्या थरातच मिळतो. प्रत्येक वरच्या थराला तो घटत जातो.

पूर्ण भारावर विंच ४०० अँपियरच्या आसपास करंट खेचतो. एवढा करंट ऑल्टरनेटर देऊच शकत नाही, तो बॅटरीतूनच जातो. म्हणून दोन बॅटऱ्या, मध्ये आयसोलेटर आणि किमान ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल लागते. अर्थिंगची केबलही तेवढीच जाड हवी. तिथे काटकसर केली की सोलेनॉइड (विंचचा करंट चालू-बंद करणारा भाग) चिकटतो आणि विंच थांबतच नाही. विंचच्या जवळ हाताला येईल असा तोडस्विच ठेवावा.

दोर १० मिमी सिंथेटिक. तो पोलादी दोरापेक्षा हलका आणि तुटला तर कमी घातक, पण धाग्यांत अडकलेली वाळू त्याला आतून कापते. रोज रात्री तो पूर्ण सोडून बादलीत धुवावा. आधी पोलादी दोर वापरलेल्या रोलरवरून तो नेऊ नये. रोलरवरचे ओरखडे त्याला सोलतात. ड्रमवर किमान आठ वेढे शिल्लक ठेवावेत. झाडाला दोर थेट बांधू नये, ७५ मिमी रुंद पट्टा वापरावा. स्नॅच ब्लॉकमधून (कप्पीतून) दोर परत गाडीला आणला की जोर जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा होतो, म्हणजे तेवढ्याच ओढीला विंचवरचा भार निम्म्यावर येतो. घाईत सहचालक ब्लॉक लावायचे टाळतात आणि मोटर जाळतात. शॅकलची (दोर अडकवायच्या कडीची) पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल करावी, नाहीतर भार आल्यावर ती हाताने सुटत नाही.

सुरक्षा

रोल केजसाठी (गाडी उलटल्यास माणसे वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्यासाठी) एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या) मापाप्रमाणे मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी आणि बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमीचा सीमलेस पोलादी पाइप वापरतात. फर्निचरचा वेल्डेड पाइप दिसायला तसाच असतो, पण गाडी उलटली की वळणावर चिरतो. केजचे पाय नुसत्या पत्र्यावर न ठेवता चॅसिसपर्यंत न्यावेत. चार बिंदूंचे सीटबेल्ट, हाताशी अग्निशामक, बाहेरून ओढता येणारा किल स्विच, घट्ट बांधलेल्या बॅटऱ्या आणि पुढे-मागे रंगवलेले रिकव्हरी हुक तपासणीत पाहिले जातात. नेमके नियम त्या त्या स्पर्धेच्या पुस्तिकेतून घ्यावेत.

शेवटचे दोन आठवडे

या काळात नवा भाग बसवू नये. गाडी दोन-तीन तास खऱ्या चिखलात चालवावी, मग धुऊन यू-बोल्ट, पाट्यांचे शॅकल, प्रोपेलर शाफ्ट आणि स्टिअरिंगचे सर्व नट पुन्हा आवळावेत आणि प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. रेडिएटर आतल्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा; प्रेशर वॉशरने फिन झोपतात आणि इंजिन तापू लागते. मागच्या ब्रेक ड्रममध्ये रेती साचते आणि लायनर दोन दिवसांत संपते, त्यामुळे अनेक जण मागेही डिस्क बसवतात.

सोबतच्या पेटीत पुढचे-मागचे अ‍ॅक्सल शाफ्ट, एक सीव्ही जॉइंट, तीन-चार क्रॉस, पाट्याचे सेंटर बोल्ट, मुख्य पाटा, ऑल्टरनेटर, इंधनपंप, इंजिनाचे पट्टे, क्लच प्लेट, विंचचा सोलेनॉइड, ब्रेक होज आणि पाच-सहा लिटर गिअर ऑइल असावे. ऑइल सगळ्यात आधी संपते, कारण पाणी शिरल्यावर ते रोज बदलावे लागते.

इतके बदल केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावर चालवता येत नाही. ती ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर न्यावी लागते. चढवताना दोर चॅसिसला न बांधता अ‍ॅक्सलला बांधावे. चॅसिसला बांधले की पाटे दर खड्ड्याला खाली-वर होतात आणि घाट उतरेपर्यंत दोर सैल पडतात.