मिथेनॉल, उंदीर आणि पहिले पन्नास लाख

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारूने शंभरावर माणसं गेली. २००४ मध्ये विक्रोळीतही असंच झालं होतं. अशा वेळी ‘दारू फार कडक होती’ असं म्हणतात. कडकपणाचा यात संबंध नाही. पिण्याच्या दारूत इथेनॉल असतं, इथे कारखान्यात वापरायचं मिथेनॉल होतं. वासावरून, चवीवरून ते ओळखू येत नाही.

मिथेनॉल स्वतः फारसं घातक नाही, घातक आपलं यकृत ते करतं. अल्कोहोल डीहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) त्याचं फॉर्माल्डिहाइड बनवतं, त्याचं लगेच फॉर्मिक आम्ल होतं. हे आम्ल पेशीच्या तंतुकणिकांमधलं (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रं) सायटोक्रोम ऑक्सिडेज हे ऑक्सिजन वापरणारं विकर अडवतं. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. डोळ्याच्या नसेला ऊर्जा फार लागते, म्हणून दृष्टी जाते. यकृतातल्या त्या पहिल्या विकराला इथेनॉलची ओढ कितीतरी जास्त; ते मिळालं की मिथेनॉल तसंच राहतं. म्हणून रुग्णालयात इथेनॉल मोजून देतात किंवा फोमेपिझोल हे औषध देऊन विकरच रोखतात, आणि मिथेनॉल डायलिसिसने काढतात. घरी लिंबूपाणी, ताक पाजून दारू ‘उतरवण्यात’ मात्र मोलाचे तास जातात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो उंदीर. मिथेनॉल पाजलं तरी तो सहसा आंधळा होत नाही. त्याच्या यकृतात टेट्राहायड्रोफोलेट (फोलेट जीवनसत्त्वाचं एक रूप) भरपूर असतं आणि त्याच्या मदतीने फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचं रक्तातलं रूप, झपाट्याने कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतं. माणसात हा साठा तुटपुंजा. म्हणजे आधी उंदरावर करून बघायचा नेहमीचा स्वस्त रस्ता इथे फारसा कामाचा नाही.

लक्षणं बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी दिसतात, आणि मिथेनॉल मोजायला लागणारं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र छोट्या दवाखान्यात नसतं. पण बोटाच्या थेंबभर रक्तातलं फॉर्मेट ओळखणारी पट्टी रसायनशास्त्राला अवघड नाही: फॉर्मेट डीहायड्रोजनेज या विकरामुळे रंग बदलतो. अडतं ते पैशावर. मोठं अनुदान मागायला गेलं की प्राथमिक पुरावा मागतात, आणि तो पुरावा जमवायलाच पैसे लागतात. ही कोंडी फोडायला बीज-निधी हवा. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट’ कल्पना सिद्ध करण्यासाठी ५० लाखांपर्यंत देतं. अशा पट्टीवर ते खर्च व्हावेत असं मला मनापासून वाटतं. खऱ्या रक्तात रंग उमटतो का, मुंबईच्या जूनमधल्या दमट हवेत विकर टिकतं का, हे त्यातून कळेल. टिकत नसेल, तर तेही कोट्यवधी खर्चण्याआधी याच टप्प्यावर कळलेलं बरं.