सफरचंदाचे जुने वाण आणि स्वयंपाक

मोठ्या व्यापारी बागा आणि कोल्ड स्टोरेज यायच्या कितीतरी आधीपासून लोकांनी कलमं करून टिकवलेली सफरचंदं म्हणजे जुने वाण. बी पेरून हे वाण टिकत नाहीत, बीतून येणाऱ्या झाडाचं फळ वेगळंच निघतं. आज जगात ब्रॅम्ली या इंग्लिश वाणाची जितकी झाडं आहेत ती सगळी इंग्लंडमधल्या साउथवेलच्या एकाच झाडाच्या कलमांपासून आलीत, त्या झाडाचं बी १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने लावलं होतं, पण नाव मिळालं नंतर ते घर विकत घेतलेल्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचं (तिचं नाव राहायला हवं होतं!).

आता दुकानात मिळणारी बरीचशी सफरचंदं कच्ची खायलाच निवडलेली, गोड आणि कुरकुरीत. जुन्यांचं तसं नाही, एकेकाचं काम ठरलेलं. ब्रॅम्ली इतकं आंबट की कच्चं खाववत नाही, पण शिजलं की अक्षरशः विरघळून मऊ फेसासारखं होतं, सॉसला याच्यासारखं दुसरं नाही. याच्या अगदी उलट फ्रान्सचं काल्व्हिल ब्लांक दिव्हेर, वरून उंचवट्यांचं ओबडधोबड, पण बटर-साखरेत कितीही शिजवलं तरी फोडी फोडीच राहतात, म्हणून टार्ट तातँसाठी (उलटा भाजायचा फ्रेंच सफरचंद-टार्ट) तेच हवं. अमेरिकेत पायसाठी (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) नॉर्दर्न स्पाय आणि ऱ्होड आयलंड ग्रीनिंग.

रशियातल्या अंतोनोव्हकाबद्दल जरा जास्त सांगायला हवं. त्यात पेक्टिन (गर घट्ट करणारा घटक) भरपूर, म्हणून रशियातल्या बेल्योव्ह गावची पास्तिला ही मिठाई त्याचीच करतात: सफरचंदं भाजून गर गाळायचा, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग घालून हलका होईपर्यंत फेटायचा, पातळ पसरून मंद आचेवर तासन्‌तास वाळवायचा आणि मग थर एकावर एक रचायचे. गोड सफरचंदाला ही चव येतच नाही, आंबटपणा लागतोच.

सायडरची (सफरचंदाच्या रसाचं आंबवलेलं पेय) किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट वगैरे अजून वेगळी, त्यातल्या टॅनिन या तुरट घटकामुळे चावली की तोंड कोरडं पडतं, पण पेयाला भरीवपणा त्यानेच येतो.

काही वाण काढल्या काढल्या वापरायचेच नाहीत. अ‍ॅशमीड्स कर्नल महिना-दोन महिने गार जागी ठेवलं की आंबटपणा उतरतो आणि वास खुलतो. ग्रॅव्हनस्टीन मात्र लवकर पिकतं आणि पटकन नरम पडतं, त्याचा सॉस लगेच करून टाकावा.